सध्या काय वाचताय?

दोन मोठी माणसं रस्त्यात भेटली की काय विचारतात? "काय, जेवण झालं का?" नाहीतर, "यंदा पाऊस काय म्हणतोय?" आमच्या वर्गात मात्र शनिवारी एकच प्रश्न असतो, "सध्या काय वाचताय?"

शनिवारची शाळा सकाळची. कवायत होते, तास होतात आणि शेवटी अर्धा तास उरतो. त्या अर्ध्या तासात कोपऱ्यातली पत्र्याची पेटी वर्गाच्या मधोमध येते. आमचं वाचनालय म्हणजे ही पेटी. तिच्यात सगळी मिळून दीडशेच्या आसपास पुस्तकं. काहींचे पुठ्ठे निघालेले, काही कोरी करकरीत. मुलं पेटीभोवती गोल करून बसतात आणि आठवडाभरात कुणी काय वाचलं ते एकमेकांना सांगतात.

ऐकायला सोपं वाटतं ना? मलाही तसंच वाटलं होतं. पण हा अर्धा तास नीट जमायला आम्हाला जवळजवळ एक वर्ष लागलं. आणि त्यात सगळ्यांत जास्त चुका कुणाच्या झाल्या असतील, तर त्या माझ्या. त्याचीच ही हकिकत.

हाताची घडी, तोंडावर बोध!

पहिल्या शनिवारी मी फर्मान काढलं, "वाचलेल्या पुस्तकाविषयी प्रत्येकानं पाच वाक्यं बोलायची." झालं! एकेक जण उभा राहिला, हाताची घडी घातली आणि सुरू झाला. मी वाचलेल्या पुस्तकाचे नाव अमुक, लेखकाचे नाव तमुक, पुस्तकाची पाने इतकी, किंमत इतकी, आणि या पुस्तकातून आपल्याला असा बोध मिळतो की, नेहमी खरे बोलावे. दुसऱ्याचाही बोध तोच. तिसऱ्याचाही तोच. त्यांतल्या दोघांनी तर पुस्तक उघडलंसुद्धा नव्हतं. मागच्या पुठ्ठ्यावरचा मजकूर तेवढा पाठ केला होता. आणि खरं बोलण्याचा बोध तेच सगळ्यांत मोठ्यानं सांगत होते!

तास संपला. पेटीतून एकही पुस्तक बाहेर गेलं नाही. देवघेवीच्या वहीत त्या दिवशीची नुसती तारीख आहे, खाली सगळं कोरं.

घरी जाताना माझ्या लक्षात आलं, की मुलं एकमेकांना काही सांगतच नव्हती. ती बाईंना उत्तर देत होती. आणि उत्तर देणं वेगळं, सांगणं वेगळं. तुम्ही सिनेमा बघून आलात की मित्राला काय सांगता? निर्मात्याचं नाव आणि तिकिटाचा दर? छे! तुम्ही सांगता, "अरे, तो असा पळत येतो, आणि मागनं ट्रक!" पुस्तकाबद्दलही असंच बोलता यायला हवं.

एकच पुस्तक, दोनदा दिलेलं

माझी दुसरी चूक याहून मोठी होती.

सातवीत एक मुलगा होता. वाचनात जरा संथ. बोट ठेवून वाचायचा. पण गुराढोरांचं त्याला भारी वेड. कुणाची गाय व्यायली, कुणाच्या कुत्रीला किती पिल्लं झाली, ही बातमी शाळेत पहिली तो आणणार. मी विचार केला, याला 'पाडस' द्यावं. 'पाडस' म्हणजे मार्जोरी किनन रॉलिंग्ज या अमेरिकन लेखिकेची 'द इयरलिंग' ही कादंबरी. ती १९३८ साली प्रसिद्ध झाली आणि १९३९ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. राम पटवर्धनांनी ती मराठीत आणली. मी त्या मुलाला हे सगळं सांगितलं. "जगप्रसिद्ध पुस्तक आहे बरं का! वाचलंच पाहिजे," असंही वर म्हटलं.

तीन आठवड्यांनी त्यानं पुस्तक परत आणलं.

"वाचलंस?"

"हो बाई."

"कसं वाटलं?"

"छान आहे."

तो गेल्यावर मी पुस्तक उघडलं. खुणेसाठी घातलेला बसच्या तिकिटाचा तुकडा अकराव्या पानावर होता. मला राग आला. पण त्याहून जास्त लाज वाटली. कारण, मित्रांनो, ते पुस्तक तेव्हा मी स्वतःही वाचलेलं नव्हतं! डी.एड.ला असताना चांगल्या पुस्तकांच्या यादीत नाव लिहून घेतलं होतं, एवढंच. म्हणजे तो न वाचता "छान आहे" म्हणाला आणि मी न वाचता "वाचलंच पाहिजे" म्हणाले. दोघांत फरक काय? फरक एवढाच की, त्यानंतर तो पेटीजवळ येईनासा झाला. जाड पुस्तक आपल्याच्यानं होत नाही, असं त्याच्या मनानं घेतलं.

दोन महिने असेच गेले. एका शनिवारी त्याच्याच गल्लीतली एक मुलगी उठली. तिनं 'पाडस' वाचून संपवलं होतं. ती लेखिकेचं नाव सांगायला विसरली, पारितोषिकाचं तर तिच्या गावीही नव्हतं. ती सरळ त्या मुलाकडे वळून म्हणाली, "ए, यात तुझ्यासारखाच एक पोरगा आहे. ज्योडी. जंगलातल्या शेतावर राहतो. त्याला भाऊ नाही, बहीण नाही. मग त्याला हरणाचं एक पिल्लू सापडतं. तो ते पाळतो. पण ते मोठं व्हायला लागतं आणि शेतातला मका खायला लागतं. कुंपण उंच केलं तरी उडी मारून येतं. घरात खायला तर तो मकाच असतो. आता सांग, काय करायचं?"

वर्ग गप्प. तो मुलगा म्हणाला, "मग? काय केलं?"

"वाच की!" ती म्हणाली आणि खाली बसली.

त्याचं एक करडू होतं, हे मला माहीत नव्हतं. ते दोनदा शेजाऱ्याच्या मक्यात शिरलं होतं, भांडणं झाली होती आणि येत्या आठवडी बाजारात ते विकायचं असं घरात ठरत होतं, हेही मला माहीत नव्हतं. तिला माहीत होतं.

त्यानं पुस्तक पुन्हा नेलं. तेच पुस्तक, तीच प्रत, आणि अकराव्या पानावर तेच तिकीट. या खेपेला मीही एक प्रत मिळवली आणि त्याच्याबरोबर वाचायला लागले. त्याला चार महिने लागले. जंगलाची लांबलचक वर्णनं आली की तो पानं उलटायचा. "बाई, चालतंय ना?" असं विचारायचा. मी म्हणायची, "चालतंय." मधेच कधीतरी करडू विकलं गेलं. त्या आठवड्यात त्यानं पुस्तक उघडलं नाही. मीही विचारलं नाही.

पुढं एके दिवशी मधल्या सुट्टीत तो आला आणि पुस्तक टेबलावर ठेवून उभा राहिला. शेवट काय आहे ते मी इथं सांगणार नाही. तो एवढंच म्हणाला, "बाई, मला आधी त्याच्या बापाचा लई राग आला. पण त्याच्या बापाचं पण चुकत नव्हतं."

एवढ्या वर्षांत वर्गात ऐकलेल्या सगळ्या बोधांपेक्षा हे एक वाक्य मला मोठं वाटतं. ते त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

आमचे पाच नियम

त्यानंतर शनिवारच्या तासाचे नियम मुलांनीच ठरवले. ते असे:

१. वाचलंय त्याच पुस्तकाबद्दल बोलायचं. अर्धंच वाचलं असेल तर "अर्धं वाचलंय" म्हणायचं. हा नियम बाईंनाही लागू!

२. शेवट सांगायचा नाही.

३. बोध सांगायचा नाही. कुठं हसू आलं, कुठं भीती वाटली, कुठं कंटाळा आला, ते सांगायचं.

४. पुस्तक कुणासाठी आहे ते सांगायचं. "सगळ्यांनी वाचावं" असं म्हणायचं नाही. "रात्री लवकर झोप न येणाऱ्यांसाठी", "ज्याचं भावाशी भांडण झालंय त्याच्यासाठी", असं नेमकं सांगायचं. मात्र कुणाची घरची गोष्ट चारचौघांत काढायची नाही. ती असेल तर पुस्तक हळूच हातात द्यायचं.

५. पुस्तक आवडलं नाही तर तेही सांगायचं, पण का ते सांगायचं.

पाचव्या नियमामुळे फार गंमत झाली. एकीला भुताची गोष्ट आवडली नाही, "कारण भूत फारच घाबरट होतं!" लगेच तीन लहानग्यांनी त्या पुस्तकावर उड्या टाकल्या. त्यांना घाबरट भूतच हवं होतं! म्हणजे न आवडल्याचं कारण नीट सांगितलं, तर तीसुद्धा शिफारसच होते की नाही?

पुस्तक अर्धं सोडलं किंवा पानं गाळली तर पाप लागतं, असं पुष्कळांना वाटतं. दानिएल पेनाक नावाचे फ्रेंच लेखक आहेत. तेही शिक्षकच होते. त्यांनी १९९२ साली लिहिलेल्या एका पुस्तकात वाचकाचे दहा हक्क सांगितले आहेत. पानं गाळण्याचा हक्क त्यांत आहे, पुस्तक अर्धं सोडण्याचाही आहे. हे कळलं तेव्हा आमच्या त्या मित्राचा चेहरा काय खुलला!

आणखी एक नाव सांगते. एस. आर. रंगनाथन. हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि मग आयुष्यभर ग्रंथालयांचेच झाले. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यांतल्या दोन नियमांचा अर्थ असा, की प्रत्येक वाचकासाठी कुठंतरी एक पुस्तक असतं आणि प्रत्येक पुस्तकासाठी कुठंतरी एक वाचक असतो. आता या दोघांची गाठ कोण घालून देणार? ग्रंथपाल घालतात, शिक्षक घालतात. पण कित्येकदा हे काम शेजारच्या बाकावरचा मित्रच सगळ्यांत चांगलं करतो. कारण त्याला पुस्तक थोडं माहीत असतं, पण आपण फार माहीत असतो.

पेटीतली काही पुस्तकं

आता आमच्या शनिवारच्या गप्पांतून निघालेली काही पुस्तकं सांगते. नियम चौथा पाळून, बरं का!

ज्यांना स्वस्थ बसवत नाही त्यांच्यासाठी: भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे'. फुरसुंगीचा हा किडकिडीत बनेश पुण्याच्या विद्याभवनात शिकतो आणि जिथं जाईल तिथं काहीतरी भानगड उपटते. मग सायकल काढायची आणि सुटायचं! २०१७ साली आलेल्या सिनेमात तो मोठा झालेला दिसतो. पुस्तकातला तुमच्याएवढा आहे. एक भाग वाचून पाहा. पुढचा भाग तुम्ही आपणहून शोधाल.

घरात सारखी बोलणी खाणाऱ्यांसाठी: दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे'. याचं खरं नाव चिन्मयानंद, पण सगळे म्हणतात बोक्या. खोड्या करतो, पण कुणावर अन्याय झालेला याला खपत नाही. आमच्या वर्गात हे पुस्तक कधीच पेटीत सापडत नाही. नेहमी कुणाच्या ना कुणाच्या दप्तरात असतं.

ज्यांना शाळा आवडत नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांना आवडते त्यांच्यासाठीही: 'तोत्तोचान'. जपानच्या तेत्सुको कुरोयानागी यांनी स्वतःच्या लहानपणावर लिहिलेलं हे पुस्तक १९८१ साली जपानीत आलं. मराठी अनुवाद चेतना सरदेशमुख-गोसावी यांचा आहे. तोत्तोचानला पहिल्या शाळेतून काढून टाकतात आणि ती दुसऱ्या शाळेत जाते. तिथले वर्ग आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरतात! पहिल्याच दिवशी तिथले मुख्याध्यापक कोबायाशी तिचं बोलणं जवळजवळ चार तास ऐकून घेतात. मी हे वाचलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात "गप्प बसा" म्हणताना जीभ जरा अडखळली. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ती शाळा जळाली. पुस्तकात मात्र ती अजून भरलेलीच आहे.

"मला काही मिळालंच नाही," असं वाटणाऱ्यांसाठी: वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर'. हे पुस्तक १९८१ साली आलं. जॉर्ज कार्व्हर हा अमेरिकेतल्या एका गुलाम बाईचा मुलगा. तान्हा असताना त्याला आईसकट पळवून नेलं. एक घोडा देऊन तो परत मिळाला, आई मात्र मिळाली नाही. हाच मुलगा पुढं मोठा कृषिशास्त्रज्ञ झाला आणि कस गेलेल्या जमिनीत भुईमूग कसा घ्यावा हे त्यानं गरीब शेतकऱ्यांना शिकवलं. आमच्याकडे एका मुलीनं हे वाचून घरी सांगितलं, आणि मग तिचे वडील पुस्तक मागायला शाळेत आले.

आजीबरोबर वाचण्यासाठी: साने गुरुजींची 'श्यामची आई'. गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात असताना लिहिली. १९३५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. यात धडे नाहीत, रात्री आहेत. रोज रात्री श्याम एक आठवण सांगतो. म्हणून तीही तशीच वाचावी, रोज एक रात्र. एका दमात वाचायला गेलात तर फार रडू येतं, असं आमच्या वर्गाचं मत आहे.

धाकट्या भावंडांना वाचून दाखवण्यासाठी: माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' ही मालिका. राधा आपल्या घरातली माणसं एकेक करून आपल्याला दाखवते. शब्द थोडे, चित्रं भरपूर. वाचून दाखवणाऱ्यालाही मजा येते.

आणि थोड्या मोठ्यांसाठी, म्हणजे आठवी-नववीच्या ताई-दादांसाठी आणि आईबाबांसाठी: व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', १९५५ सालची. धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो, पण शाळेत मुलंच नाहीत! पुढं काय होतं? वाचा की!

पुस्तकं आणायची कुठून?

"बाई, आमच्या शाळेत पेटी नाही," असं कुणी म्हणेल. असू दे. गावात किंवा जवळच्या गावात सार्वजनिक वाचनालय असतं, तिथं बालविभागाची चौकशी करा. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं. त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. म्हणजे आईबाबांचा मोबाइल हातात आलाच, तर हेही करता येईल! सहलीला महाबळेश्वर-पाचगणीकडे गेलात, तर वाटेत भिलारला नक्की थांबा. सातारा जिल्ह्यातलं हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ पासून 'पुस्तकांचं गाव' झालं आहे. तिथल्या घरांमध्ये विषयवार पुस्तकं मांडून ठेवली आहेत. जावं, बसावं, वाचावं.

आणि यांतलं काहीच जमलं नाही, तर पाच मित्र गोळा करा. प्रत्येकानं एक पुस्तक आणायचं. झाली की तुमची पेटी!

आईबाबांसाठी दोन शब्द

पालकहो, मुलानं पुस्तक मिटलं की आपण लगेच विचारतो, "काय शिकलास यातून?" हा प्रश्न थोडे दिवस बाजूला ठेवा. त्याऐवजी विचारा, "पुढं काय झालं?" आणि उत्तर पुरतं ऐका. गोष्टीची पुस्तकं म्हणजे अभ्यासाची चुकवाचुकवी, असंही काही जणांना वाटतं. पण जो मुलगा धड्यातला एक परिच्छेद वाचताना पाच वेळा थांबायचा, त्यानं चार महिने एक जाडजूड कादंबरी लावून धरली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याच्या मागे कुणी लागलं नव्हतं. पिल्लाचं काय झालं एवढंच त्याला कळायला हवं होतं.

आणखी एक. तुम्ही सध्या काय वाचताय? मुलं हे विचारणार. काहीच वाचत नसाल तर खरं सांगा. मीही सांगितलं होतं. मग त्यांच्याकडूनच एखादं पुस्तक मागून घ्या.

या आठवड्याचा उद्योग

मित्रांनो, आमच्या वर्गातली एक पद्धत तुम्हीही सुरू करा. पुस्तक वाचून झालं की पोस्टकार्डाएवढा एक कागद घ्यायचा. पुढच्या वाचकासाठी दोन-तीन ओळी लिहायच्या आणि तो कागद पुस्तकात ठेवून द्यायचा. नाव लिहायचं नाही. आपल्याआधी कोण इथून गेलं, याचा विचार करत पुस्तक वाचायला वेगळीच मजा येते.

आमच्या 'पाडस'मध्ये आता तीन चिठ्ठ्या आहेत. पहिली कुणाची ते अक्षरावरून मला लगेच ओळखू येतं. वाकड्यातिकड्या अक्षरांत तिथं लिहिलंय: "हळू वाचा. मधली पानं सोडली तरी चालतंय. शेवट वाचताना कोणतरी जवळ पाहिजे."

मग, बालमित्रांनो, सध्या काय वाचताय?